हिंजवडीतलं माझं वैधव्य

लग्नाला महिना व्हायच्या आत मला एकदा विधवा करण्यात आलं होतं. हिंजवडीत. नवरा त्या वेळी हडपसरला आमच्या भाड्याच्या घरात नळाला चिंधी बांधत बसला होता, आणि तिकडे एसीत बसलेली तीन-चार माणसं त्याच्यासाठी हळहळत होती. आज मी हे हसून सांगते, पण ते हसू वरवरचं आहे. आतून अजूनही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. आम्ही वाढलो खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये; पप्पा तिथेच कामाला. आमच्या लायनीतून हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये बसणारा हा पहिला. गळ्यातलं ओळखपत्र रविवारीसुद्धा काढायचा नाही. आई म्हणायची, "आंघोळीला तरी काढ रे बाबा." अजून प्रोबेशनवर होता, म्हणजे कधीही घरी जा म्हणाले असते. घरातल्या सगळ्यांचा जीव त्या प्रोबेशनला टांगलेला. पप्पा तर शेजाऱ्यांशी बोलतानाही "तसं अजून पक्कं नाही" असं म्हणून घ्यायचे, उगाच दृष्ट लागायला नको.

मी स्वतः हडपसरच्या एका लहानशा कंपनीत वेबसाइटी बनवायचे. त्यामुळे घरात या विषयावर आम्हा दोघांचीच बडबड चालायची. त्याला पहिलं काम मिळालं होतं ते असं: त्यांच्याकडे एक वेब सर्व्हरचा प्रोग्रॅम होता, मागणी आली की तो त्या वेळी पान तयार करून पाठवायचा. पण पानावरची चित्रं, रंग-अक्षरं ठरवणाऱ्या फाइली, यांत तयार करण्यासारखं काही नसतं. त्या एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, आणि कोणी नाव घेऊन मागितल्या की जशाच्या तशा द्यायच्या. हे देण्याचं काम त्यानं लिहायचं होतं.

पप्पांनी विचारलं, "म्हणजे हा करतो तरी काय?" मी म्हटलं, "खानावळीत पोळी मागितली की लाटून, भाजून देतात ना? पण लोणचं बरणीतलं तसंच वाढतात. हा लोणचं वाढतो." पप्पांना एकदम पटलं. भाऊ फुगून बसला. "ताई, लोणचं वाढायलाही अक्कल लागते." आणि खोटं कशाला बोलू, लागते. कोणी आडवंतिडवं नाव देऊन फोल्डरच्या बाहेरचं काही मागायला लागला तर त्याचा हात धरायचा. आपण चित्र देतोय की मजकूर, ते आधी सांगायचं, नाहीतर समोरच्याच्या पडद्यावर नुसत्या किडे-मुंग्या दिसतात. मोठी फाइल असेल तर एकदम उचलायची नाही, थोडी थोडी पाठवायची. हे सगळं मीच त्याला शिकवलं होतं, आईच्या ओट्याशी उभं राहून, कणीक मळता मळता.

आता मोठी फाइल नीट जाते का ते बघायला मोठी फाइल हवी. त्याच्या बॅगेत माझ्या लग्नाच्या फोटोंची सीडी होती. फोटोग्राफरकडून आणून तशीच राहिलेली. आमच्या भाऊसाहेबांनी ती मशीनमध्ये घातली, फाइली वजनाप्रमाणे लावल्या, आणि सगळ्यात जड होत्या त्या उचलून फोल्डरमध्ये टाकल्या. कुठला फोटो, कोणाचा फोटो, बघितलंच नाही. फोटोग्राफरनं नावंही नुसती आकड्यांची दिलेली. मग यानं पान उघडून दाखवायला आपल्या मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणजे त्याची टीम लीड, शहरातल्याच, बोलायला गोड.

ते जड फोटो निघाले पाठवणीचे. आमचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. नवरा-नवरी पांढऱ्यात, बायका पांढऱ्या साड्यांत, मूर्तीपुढे मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, वर फुलं, झालं लग्न. मी मुळातच रडूबाई, आई माझ्यापेक्षा वरचढ. पाठवणीला आम्ही दोघी, मावश्या, लायनीतल्या सगळ्या बायका गळ्यात गळे घालून हंबरडा फोडत होतो. त्या फोटोंत नवरा कुठेच नाही, कारण तो आधीच गाडीत जाऊन घाम पुसत बसला होता.

तेव्हाच्या मशीनवर मोठं चित्र वरून खाली पट्टी-पट्टीनं उमटायचं. आधी कनात दिसली, मग डोकी, मग रडणारे चेहरे, आणि मग खालपर्यंत पांढरंच पांढरं. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. मागचे दोघे-तिघे उठून आले. मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही मधली कोण रे? बहीण?" यानं मान डोलावली. "लग्न झालेली?" पुन्हा डोलावली. "अरे देवा! मिस्टर गेले का तिचे?"

इथे माझ्या भावानं मान खाली घातली. हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. नाही म्हटलं असतं तर पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य त्या मजल्यावर त्यानं अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. आडनावावरून कळत नव्हतं, तो कळू देत नव्हता. मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, उद्या येऊ नकोस, घरच्यांजवळ थांब. आणि हा दीडशहाणा खरंच गेला नाही! घरी सांगितलं, सर्व्हर बंद पडलाय.

मयताचे असे रंगीत, मोठमोठे फोटो कोण काढतं, हा प्रश्न तिथे एकाच्याही डोक्यात आला नाही. यांच्यात काढत असतील, असं वाटलं असेल. नाही, तेही नाही वाटलं. ते "यांच्यात" त्यांना कुठे ठाऊक होतं?

हे सगळं मला कळलं ते रविवारी. लग्नानंतर आईनं आम्हा दोघांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. सकाळपासून बासुंदी आटवत होती. आत पंगत बसलेली. नवरा, भाऊ आणि मी. बेल वाजली म्हणून पप्पा उठले. दारात मॅडम आणि त्यांच्याबरोबर ऑफिसातली दोन मुलं. बसच्या ड्रायव्हरला विचारून पत्ता काढत आले होते बिचारे.

पप्पांना काय आनंद! मुलाच्या कंपनीतली माणसं आपल्या क्वार्टरला आली, लेकीच्या लग्नाला बोलावता आलं नाही म्हणून आता भेटायला आली. "या, या, बसा. मुलगी आहेच घरात." मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आले. तिघांनीही पाणी नको म्हटलं. पप्पा म्हणाले, "पहिल्यांदा आलात, असं कसं? घ्या." त्यांनी ग्लास नुसते हातात धरून ठेवले.

"काका, धीर धरा," मॅडम म्हणाल्या.

"धीर कसला हो," पप्पा हसत म्हणाले, "हडपसर काय लांब आहे?"

ती दोन मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मॅडमनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत खरं पाणी होतं, ते मी नाकारणार नाही. "फार लहान वयात आलं गं तुझ्यावर." मला वाटलं, संसाराबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "सगळ्यांवरच येतं कधीतरी." मग त्यांची नजर माझ्या हिरव्या बांगड्यांवर गेली. "बांगड्या ठेवल्यास, छान केलंस. तू असली जुनाट बंधनं मानत नाहीस, आवडलं मला."

मी हात सोडवून घेतला. "आपण कोणाबद्दल बोलताय?"

"तुझ्या मिस्टरांबद्दल."

माझा स्वभाव तापट, जीभ त्याहून. पटकन निघून गेलं, "ते आत बासुंदी खातायत. बोलावू?"

बोलवायची गरजच पडली नाही. आवाज ऐकून नवरा वाटी हातात घेऊनच दारात आला. त्याच्यामागे भाऊ, तोंडातला घास तसाच. मॅडम उभ्याच राहिल्या. "अगं बाई! मग ते फोटो? ते पांढरं? आम्हाला वाटलं..." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, कसा फोटो उमटला, कशी यानं मान खाली घातली, कशी सुट्टी दिली. माझ्या नवऱ्यानं आपल्या मरणाची हकिगत वाटी हातात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पप्पा भावाकडे वळले. त्यांना रागच आला नव्हता, तेच जास्त वाईट. खरोखर न समजून त्यांनी विचारलं, "अरे, लग्नाचा आहे म्हणून सांगायचंस की." मग पाहुण्यांना म्हणाले, "आमच्यात लग्नाला पांढरंच असतं. बौद्ध आहोत आम्ही."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. एका मुलानं भिंतीवरच्या बुद्धाकडे बघितलं आणि तोही म्हणाला, "अच्छा, अच्छा." हे "अच्छा" मी ओळखते. शाळेत ऐकलंय, कॉलेजात ऐकलंय. त्यात वाईट काही नसतं. फक्त आपल्याला एका कप्प्यातून काढून दुसऱ्यात ठेवल्याचं कळतं.

आई बिचारी सगळ्यांना बासुंदी घेऊन आली. मॅडमनी खाल्ली, चांगली झाली म्हणाल्या. एका मुलाला एकदम सर्दी आठवली. आई त्याला म्हणत राहिली, गरम करून देते, आणि तो नको नको म्हणत राहिला, आणि मी ती वाटी आईच्या हातातून ओढून घ्यायचंच फक्त बाकी होतं. जाताना मॅडम भावाला म्हणाल्या, "उद्या आधी ते फोटो काढ फोल्डरमधून. सुट्टीचं मग बघू." त्या काही दुष्ट नव्हत्या. पुढे सुट्टीचं काही झालं नाही, नोकरी पक्की झाली.

दार लागलं आणि मी भावाला मागच्या पडवीत गाठलं. नवरा तिथेच मोरीशी हात धूत होता, त्याचीही पर्वा केली नाही. जे तोंडाला येईल ते बोलले. "माझं कुंकू पुसलंस? एक शब्द बोलायला जीभ झडली होती तुझी? सोन्यासारखा माणूस, त्याला मारून त्याच्याच पंगतीला बसलास! सासूबाईंच्या कानावर गेलं तर काय तोंड दाखवू मी? मेलेला चालतो तुला दाजी, बौद्ध चालत नाही?" तो कठड्याला टेकून ऐकत होता. डोळे लाल. उलट बोलण्याची त्याची पद्धत नव्हती, त्या दिवशीही तो उलट बोलला नाही. फक्त विचारलं, अगदी साधं, जणू काय करायला हवं होतं ते शिकून घ्यायचं होतं.

"ताई, तू तुझ्या ऑफिसात कुठले फोटो दाखवलेस?"

दाखवले तर होतेच. आमच्या सर्व्हरवर एक फोल्डर करून सगळ्यांना पत्ता धाडला होता. ते फोटो निवडायला मी नवऱ्याला शेजारी बसवलं होतं. सगळे संध्याकाळच्या रिसेप्शनचे. मी लाल शालूत, तो सुटात, मागे झगमगीत पडदा. कोणीही बघावेत, कोणाचंही लग्न वाटावं. सकाळचे, पांढऱ्यातले आले की मी म्हणायचे, "हे राहू देत, उगाच फार होतात." प्रत्येक वेळी तो "बरं" म्हणाला होता.

"सगळे दाखवले," मी म्हटलं. "पांढऱ्यातलेसुद्धा. मला कसली लाज?"

भावानं नवऱ्याकडे बघितलं. "खरंच, दाजी?"

नवऱ्यानं नळ बंद केला. टॉवेल घेतला, हात पुसले, बोट न् बोट पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," तो म्हणाला. "सगळे."

तेव्हा मग माझा भाऊ रडला. म्हणाला, "चुकलं माझं, ताई," आणि वाकून माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.