वेशीतला चुडा

देवणीकडच्या त्या गावात नवी सून बांगड्या भरल्याशिवाय वेशीच्या आत येत नसे. रीत निजामाच्याही आधीची, असं म्हातारी माणसं सांगत. सून पाटलाची असो की मौलवीची, वेशीतल्या देवडीत, कमानीखालच्या ओट्यावर, टेकायची, मनगट पुढं करायची, मगच सासर बघायची. बांगड्या भरायच्या त्या मणियाराच्या घरच्या बाईनं. ती आता कमरुन्निसा, गावाची कमरबी.

जिभेची तिखट, हाताची मऊ अशी ही बाई. पण भूकंपाच्या पहाटे देवडीतला एक चिरा निखळून तिथंच दुकानात निजलेल्या तिच्या उशाशी पडला, आणि तिचं काळीज उडालं ते उडालंच. तेव्हापासून दुकान रस्त्याच्या कडेला, उन्हात; सुनांचे हातही तिथंच भरायची. तिथंही बूड टिकत नसे. ट्रक गेला की उठायची, कमानीकडं बघायची, परत बसायची.

गावाला काय, निमित्तच पाहिजे! "कमरबीच आत बसत न्हाई, म्हंजी वेस गेलीच." इंजिनिअर येऊन वेस पक्की आहे म्हणाला, तर म्हणे, त्याचं काय जातंय, तो नांदेडला निजतो. वऱ्हाडं दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागली. त्यात वेशीतून न मावणारी लातूरच्या क्लासची बस थेट चौकात यायला हवी होती. घरोघरी डॉक्टर पिकायचे होते ना! पंचायतीनं ठरवलं, सोमवारी वेस पाडायची.

रविवारी पंच रामकिशनच्या पोराचं, हरिओमचं वऱ्हाड आलं. कमरबी जीपपुढं आडवी आली.

"रामकिशनभाऊ, ही शेवटची सून तरी वेशीतनं न्या."

"भाभी, तुम्ही भाईर बसून राहिल्या, अन् माझ्या सुनंला आत घालता व्हय?"

बोल वर्मी लागला. कमरबीनं बांगड्यांची टोपली उचलली आणि कित्येक वर्षांनी आत गेली. नवी सून पुनम लातूरला क्लासात शिकवणारी. कुणाला न विचारता उतरली आणि देवडीत जाऊन टेकली.

डावा हात भरून झाला. तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रक धडधडत गेला आणि वरून माती सांडली. कमरबी टोपली टाकून थेट रस्त्यावर! वऱ्हाडात कुणीतरी म्हणालं, "बघा."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच पायानं आपण वेस पाडली, असं वाटलं.

पुनम मात्र जागची हलली नव्हती. केसांतली माती झटकून उजवा हात तसाच पुढं धरून बसली होती.

"मावशी, अर्ध्या चुड्याची सून घरात घेतील का हो?"

कमरबी परत आत गेली. एक डोळा कमानीवर ठेवून भरताना दोन बांगड्या वाढल्या, काचा खाली पडल्या. तिसरी चढली.

तेवढ्यात रामकिशनची बायको सिंधु जीपमधून उतरली आणि सुनेला खेटून बसली.

"मला बी भरा, कमरबी. उद्या वेस पाडायला कोण येतंय, मी बघते."