गेंडावाला जीप ड्रायव्हर

गोरेगाव-सेनगाव जीप चालवणारा तो माणूस कधीच घाईत दिसायचा नाही. जीप ठासून भरलेली असली की अर्ध्या रस्त्यात थांबायचा, बॉनेट उघडायचा आणि आमची कुरकुर ऐकत बिडी ओढायचा. "काहून घाई करून राहिले? तिला दम खाऊ द्या की."

जीपचा नंबर लागेपर्यंत तो स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात बसायचा. तिथं राक्षसांच्या झुंजीचा गेम होता. आम्ही कॉलेजची पोरं चपळ सरडा घ्यायचो. तो कायम गेंड्यासारखा ढोल्या राक्षस निवडायचा. त्या गेंड्याला पाऊल उचलायलाच वेळ लागे. सरड्याचे फटके तो सोसत राहायचा आणि सरडा अगदी जवळ आला की एकदाच त्याच्या अंगावर पडायचा. खेळ खलास.

दिवाळीत दुकानदारानं स्पर्धा ठेवली. बक्षिसाचा टेपरेकॉर्डर ड्रायव्हरला जीपमध्ये बसवायचा होता, हे अख्ख्या स्टँडला ठाऊक होतं. गेंड्यानं उपांत्य फेरी मारली आणि लागलीच शेवटची झुंज माझ्याशी आली. तर ड्रायव्हरनं भलताच राक्षस निवडला.

"गेंडा घ्या की!" मीच ओरडलो.

"न्हाई. आत्ताच लढलाय त्यो."

"अहो, गेममधला आहे. तो काय थकतो?"

तो नुसता हसला, आणि हरला.

"जिंकलास! आता एक डाव माझ्यासंगं खेळ," दुकानदार मला म्हणाला. मी रिमोट उचलला. जायला निघालेल्या ड्रायव्हरनं टीव्हीकडे बोट केलं. "बघ, कसा धापा टाकून राहिला."

पडद्यावर माझ्या सरड्याचं पोट खालीवर होत होतं. ते कायमच तसं व्हायचं, झुंजीच्या आधीसुद्धा. तरी मी रिमोट खाली ठेवला.