पलीकडे झोपणाऱ्याचे वाघ

कमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी रविवार पेठेतल्या दुकानात वाघांचं कापड हातात धरून उभी होते. हळदी रंगावर तळहाताएवढे वाघ आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाल मफलर. लहान मुलांच्या पडद्यांसाठी छापलेलं कापड. आत्याच्या अर्ध्या झालेल्या गोधडीला ते कमी पडलं होतं आणि दवाखान्यातल्या खाटेवरून तिनं मला बजावलं होतं, "तेच आण. दुसरे वाघ आणलेस तर परत पाठवीन." फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "ये आता." मान वर न करता दुकानदारानं विचारलं, "घ्यायचंय, की नुसतं धरायचंय?" मी घेतलं...

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत एक वक्ते गहिवरून म्हणाले, "फाटक्या लुगड्यांतून मायेची ऊब शिवणारी माउली गेली." माणसांनी डोळे पुसले. माझं मात्र डोकं फिरलं. माझ्या आत्यानं आयुष्यात एकदाही गोधडीत फाटकं लुगडं घातलं नाही. घातलं नाही म्हणजे मिळालं नाही असं नव्हे, घालायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ती माणूस म्हणून कशी होती हे सांगायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

माझी आजी शनिवार पेठेत धुणीभांडी करायची. त्या घरांतून जुनी पातळं मिळायची, त्यांच्या गोधड्या व्हायच्या. आत्या शाळेत असताना एकदा आजी तापानं पडली, तेव्हा एका घरच्या बाई बोलवायला वस्तीत आल्या. दारात गोधडी वाळत होती. त्यातलं हिरवं ठिगळ चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "अगंबाई, हे तर माझं पातळ! बघ, अजून कसं टिकलंय." बाई कौतुकानंच बोलल्या होत्या. पण त्या रात्रीपासून आत्या त्या गोधडीत झोपली नाही. धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा, त्यांच्या चादरीचं टोक ओढून तिनं थंडी काढली. आपण पांघरलेलं कुणी ओळखायचं नाही, हे तिचं तेव्हाच ठरलं.

म्हणून नवं कापड, आणि तेही असं, की कुणी अंगावर घातलेलंच नसेल. डायनासोर, रॉकेट, आइस्क्रीमचे कोन, छत्री घेतलेले बेडूक. मार्केट यार्डात हमाली करणारे आतोबा कुरकुरायचे, "कमल, आधीच स्वप्नात पोती दिसतात, त्यात आता हे डायनासोर?" आत्या म्हणायची, "पोत्यांपेक्षा बरे. उचलावे तरी लागत नाहीत."

असं कापड घेणं सोपं असतं, त्याची गोधडी कशी मांडायची ते ठरवणं अवघड. सुरुवातीला तिनं माशांचं सुंदर निळं कापड शिरस्त्याप्रमाणे त्रिकोणांत कापलं. मुंडकी एकीकडे, शेपट्या दुसरीकडे. बाबांनी विचारलं, "ताई, हा समुद्र आहे की मासळी बाजार?" तिनं सगळी गोधडी उसवली. त्यानंतर आधी चित्र, मग नक्षी. बारीक चित्रं विखुरलेली असतील तर लांब पट्ट्या, मोठं चित्र असेल तर त्याच्या मापाचा अख्खा चौकोन आणि भोवती साध्या रंगाची चौकट. ती शिवायची त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बाबांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. आत्या त्यातलं एक उचलून म्हणायची, "केवढी अक्षरं कोंबलीस रे! मुद्दा चेंगरला की. चित्राला जागा लागते, तशी मुद्द्यालाही लागते." मी लिहायला बसते तेव्हा हे मला अजून ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट फक्त तिच्याच गोधड्यांत होती. तेव्हाच्या आमच्या एकाच खोलीच्या घरात मुलं दोन्ही बाजूंना डोकी करून, पायात पाय घालून झोपायची. म्हणून ती अर्धी चित्रं एका बाजूनं सरळ लावायची आणि अर्धी दुसऱ्या बाजूनं.

काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका सभागृहात गोधड्यांचं प्रदर्शन होतं. तिथल्या ताईंनी तिची रॉकेटची गोधडी मोठ्या प्रेमानं मागून नेली आणि भिंतीवर टांगली. उद्घाटनाला आम्ही गेलो तर ताई हळूच म्हणाल्या, "कमलताई, अर्धी रॉकेटं खाली चालली आहेत, चुकून लागली का?"

"चुकून कशाला? पलीकडे झोपणाऱ्यानं काय उलटी रॉकेटं बघायची?"

ताई मनापासून हसल्या. पण खाली पाटी होती: जुन्या लुगड्यांना नवा जन्म.

"अहो ताई, यात लुगडं कुठं आहे?"

"नाही हो, पण असं लिहिलं की लोकांना भिडतं."

"मग त्यांना सांगा, नका भिडू." आत्यानं स्टूल ओढलं, गोधडी काढली, घडी घातली आणि आम्ही रिक्षानं घरी आलो. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "आमची गरिबी काय नक्षी आहे?"

मागच्या आठवड्यात त्याच ताईंचा फोन आला. कमलताईंची शेवटची गोधडी द्या, मधली भिंत त्यांच्यासाठी ठेवतो, पाटीवर तुम्ही सांगाल ते लिहू. बाबा म्हणाले, "दे. चार लोक बघतील तरी." खरंच, वक्त्यांचं ते वाक्य खोडायला याहून चांगली जागा कुठली मिळणार? मी रात्रभर मनात घोळवलं. पण भिंतीला वर आणि खाली असतं. तिथं टांगली की पलीकडे झोपणाऱ्याचे वाघ डोक्यावर उभे राहणार आणि ते नेहमी चुकून लागल्यासारखेच दिसणार. मी ताईंना कळवलं, गोधडी जमिनीवर अंथरणार असाल तर देते. बघणाऱ्यांनी चपला काढाव्यात, वाकावं आणि भोवतीनं फिरावं. अजून उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी चालेल.

तिच्या बाजूचे वाघ तिनंच लावले होते. दुसऱ्या बाजूचे, त्या दिवशी आणलेल्या कापडातले, मी लावले. माझा धावदोरा वाकडा आहे, ती असती तर उसवायला लावला असता. काल गोधडी पुरी झाली तेव्हा मी ती तिच्या खोलीत अंथरली आणि माझ्या बाजूला आडवी झाले. माझे वाघ सरळ होते. समोरच्या टोकाचे मला उलटे दिसत होते... आणि तसेच दिसायला हवे होते. त्या बाजूला तिची उशी आहे.