सुतकातली सूज

डॉक्टरांनी अव्वाच्या पायाला बोट लावलं नाही. शिपायाकडून छडी मागून घेतली आणि तिच्या टोकानं नडगीवर दाबलं. खळगा पडला. तसाच राहिला. बिदरच्या भरल्या कोर्टात माझी आई लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून उभी होती, आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"ही सूज उपासमारीची," डॉक्टर मुन्सिफसाहेबांना म्हणाले. "ही माणसं मेलेलं जनावर खातात. तेलाचा काय संबंध?"

गिरणीमालक पान चघळत बसला होता.

पोलीस ॲक्शनला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. निजाम गेला, आता राज्य आपलं, असं औरादच्या बाजारात सांगून गेले होते. आपलं म्हणजे कुणाचं, ते मला त्या छडीनं सांगितलं.

माझे वडील, अप्पा, त्या मालकाच्या तेलगिरणीत पोती उचलायचे. मजुरीत करडईचं तेल मिळायचं. त्या वर्षी करडईच्या पोत्यांत पिवळ्या धोतऱ्याचं काळं बी मिसळून येतंय, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. त्या बियानं माणूस मरतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं; आम्ही तेल खातच राहिलो. दुसरं होतं कुठं? आधी अप्पांचे पाय सुजले, मग धाप लागली, मग ते गेले. अव्वा, माझी मोठी बहीण अक्का आणि मी, आमचेही पाय सुजलेले.

सुतकात आमच्यात चुलीवर कढई चढत नाही. फोडणी नाही, तळण नाही. भाकरी आणि उकडलेल्या डाळीचं पाणी. त्या दिवसांत आमची सूज उतरायला लागली. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, बाप जाताना लेकींचं दुखणं घेऊन गेला. आम्ही ते खरं मानलं. सुतक फिटलं, कढई चढली, त्याच डब्यातलं तेल. सूज परत आली आणि अक्का धापा टाकत गेली. बाया म्हणाल्या, लाडक्या लेकीला न्यायला बाप आला. तेही खरं मानलं. अक्काच्या सुतकात सूज पुन्हा उतरली; ते फिटल्यावर पुन्हा चढली. अव्वा रोज चुलीपुढं बसून मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालायची, आणि त्याच तेलात फोडणी द्यायची.

आमचा दावा औरादच्या एका तरुण वकिलानं लावला होता. त्याला तेलाचा संशय होता, पुरावा नव्हता. त्यानं डॉक्टरांना विचारलं, "सूज तेलाची आहे की नाही, हे कशावरून कळेल?"

डॉक्टर हसले. "तेल सोडून बघा. उतरली तर तेलाची. पण फुकटचं तेल ही माणसं सोडतील होय?"

मी उठून ओरडले, "सोडलं हुतं! अप्पाच्या सुतकात सोडलं हुतं, अक्काच्या सुतकात सोडलं हुतं! दोन्ही बारी सूज उतरली!"

"खामोश!" मुन्सिफसाहेब गरजले.

मालकाचा वकील उठला. "एका घरावरून काय सिद्ध होतं? दुसरं घर आहे का?"

आमच्या वकिलानं मुदत मागितली. पुढची तारीख पडली.

बाहेर येताच अव्वानं माझा दंड धरला. "कामून वरडायलीस? ह्येंच्यापुढं आपलं काय चालतंय?"

"चालू दे न्हाईतर नको. म्या गप बसायची न्हाई आता."

मला राग मालकाचा होता, डॉक्टरांचा होता, पण त्याहून जास्त आमचाच होता. ज्यानं आम्हाला जगवायला मजुरी केली, त्या माणसाच्या माथी आम्ही अक्काचं मरण मारलं होतं. आणि खरा मारणारा पान चघळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी औरादला गिरणीसमोर बैलगाडी भरत होती. तेलाचे डबे, एकावर एक. गाडीवान संतपूरचा होता, डबे तिकडंच निघाले होते. मी त्याला विचारलं, "अण्णा, तुमच्या गावात एवढ्यात मयत कुणाच्या घरी झालीया?"

त्यानं कासरा आवळला. माझ्याकडं बघितलं नाही.

"कुणाच्या घरी न्हाई झाली, ते इच्चार की बाई."

मी तिथूनच संतपूरला निघाले, गाडीच्या आधी पोचायचं म्हणून झपाझपा. सुतकाच्या घरात परक्या बाईनं शिरू नये म्हणतात. म्हणू देत. मी प्रत्येक घरात शिरणार होते. पाय बघणार होते. तेल ओतून द्यायला लावणार होते. आणि सूज उतरलेल्या बाया घेऊनच त्या कोर्टात परत जाणार होते.