गुळगुळीत मूठ

लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आज कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जळक्या लाकडाचा वास आला आणि आठवलं. तांबरम स्टेशनाबाहेर शहाळी विकणाऱ्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कोयत्याची मूठ गेल्या सुट्टीत फुटली, तेव्हा मी हट्टानं चिंचेच्या लाकडाची नवी घडवली, कोयत्याचं मागचं टोक लाल तापवून तिच्यात ठोकलं आणि वर व्हार्निश चढवलं. शहाळ्याच्या पाण्यानं ओल्या हातातून कोयता पहिल्याच घावाला निसटला, आप्पांच्या पायाशी पडला. “डेय इंजिनियर, शोकेसमध्ये ठेवायचाय का?” ते ओरडले. मी काचेच्या तुकड्यानं सगळं व्हार्निश खरवडलं, पण मी होस्टेलला निघेपर्यंत त्यांनी तो हातात धरला नाही. आत्ताच आईचा फोन आला: आप्पा रोज तोच कोयता वापरतात, आणि शेजारच्या शहाळेवाल्याला सांगून बसलेत, “तुझ्याही कोयत्याची मूठ आत्ता नको बदलूस, दिवाळीला पोरगा येतोय.”