आत्याने लावलेला कौल

बाबांना कुठलीही वस्तू कुरकुरलेली खपायची नाही. दाराची बिजागरी, सायकलची चेन, आईचं शिलाई मशीन, सगळ्यांना त्यांच्या हातचं तेल. अंबरनाथला कारखान्यात ते फिटर होते आणि घरी आले तरी फिटरच. उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी रंगांचा तो फिरवायचा ठोकळा आणला, तेव्हाही तेच. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "इम्पोर्टेड है भाई, असली माल." कसला इम्पोर्टेड! मागच्याच गल्लीत बनला असणार. पहिल्याच दिवशी मी सगळे रंग विस्कटून ठेवले, आणि तो इतका घट्ट फिरायचा की बोटं दुखून आली.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर घालून ठोकळा उघडला. तुकडे पेपरवर पसरले, मशीनच्या तेलाने पुसले आणि परत बसवायला घेतले. आई म्हणाली, "अहो, कुठला कुठे होता बघून ठेवलंत का?" बाबा हसले. "रंग आधीच विस्कटलेले आहेत. कुठलाही कुठेही बसवला तर काय बिघडतंय?" आम्हाला सगळ्यांना ते पटलं. मग तो ठोकळा लोण्यासारखा फिरायला लागला आणि आत्या म्हणाली, "दादा, तुझ्या हाताला गुण आहे हो."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला बदलापूरच्या पलीकडे एका गावात दिली होती. नवऱ्याने चार दिवसांसाठी म्हणून तिला आमच्याकडे आणून सोडलं, ते भाताची कापणी आली तरी न्यायला कोणी फिरकलं नाही. मूल होत नव्हतं, हे एक. त्यात गोठ्यातली म्हैस मेली, तर सासू म्हणाली, ही पांढऱ्या पायाची. आणि तरी माझी ही आत्या नवऱ्याचं नाव निघालं की गालातल्या गालात हसायची. तिला परत जायचं होतं. बॅग भरून खाटेखाली ठेवलेली होती, त्यातली एक साडीसुद्धा ती आमच्याकडे नेसली नाही.

मी दोन दिवसांत ठोकळ्याला कंटाळले. आत्या मात्र चिकटली. तांदूळ निवडून झाले की ठोकळा, भांडी घासली की ठोकळा. पांढरी बाजू झाली तेव्हा तिने आख्ख्या चाळीला दाखवली. मग रविवारच्या पेपरात तो कसा सोडवायचा ते छापून आलं आणि कळलं की नुसती पांढरी बाजू होऊन उपयोग नाही, तिच्या कडेचे रंगही खालच्यांशी जुळायला हवेत. "म्हणजे पंगतीला माणसं बसली, पण दुसऱ्याच्याच पानावर," आत्या म्हणाली. तिने सगळं मोडून पहिल्यापासून सुरू केलं. मी पेपर वाचून दाखवायची, उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, आणि ती तोंडाने पुटपुटत फिरवायची. शाळा जेमतेम चार यत्ता, पण रांगोळीसारखं सगळं तिच्या हातात बसलं.

आमचं मूळ गाव कोकणात. तिथे काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. आत्यासाठी कौल लावायचं बाबांच्या मनात होतं, पण रजाच मिळेना. एकदा आई चेष्टेत म्हणाली, "वन्सं, तुमचा कौल आता ह्या ठोकळ्यालाच लावा. सहा बाजू जुळल्या की सासरी जायचं." सगळे हसले. आत्या हसली नाही. तिने ठोकळा देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. बाबांनीही हसणं आवरलं, कारण कौलाची चेष्टा आमच्यात करत नाहीत.

मग तिने खालचा थर लावला, मधला लावला, आणि वरचाही जवळजवळ लावला. जवळजवळ! एक कोपरा राहायचा. जागेवर अगदी बरोबर, पण तोंड फिरवून बसलेला, पिवळं वर यायला हवं, ते कडेला. पेपरात लिहिल्याप्रमाणे फिरवलं तर बाकीचं सगळं मोडायचं, आणि पुन्हा लावत लावत आलं की परत तोच एक कोपरा तसाच.

अशात तिचा धाकटा दीर आला. सोबत नवे तांदूळ, वाल. म्हणाला, "वहिनी, चला. दादाने पाठवलंय. आईचं मी बघतो." आत्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! पण दुसऱ्याच क्षणी तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. तिला भीती वाटत होती, हे मला आज कळतं. त्या घरात पुन्हा काही मेलं, काही बुडलं, तर ते तिच्याच नावावर जाणार होतं. तिला कोणीतरी सांगायला हवं होतं की जा, तुझ्या पायाने काही वाईट होणार नाही. ती म्हणाली, "भावजी, आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत तिने ठोकळा खाली ठेवला नाही. जेवताना डाव्या हातात असायचा. रोज तोच कोपरा. दीर परत आला तेव्हा ती दारामागे उभी राहून बाबांना म्हणाली, "देव नाही म्हणतोय रे." बाबांनी ठोकळ्याच्या कौलासकट तेच त्याला ऐकवलं. तो भडकला, "खेळण्याला विचारून संसार करता काय तुम्ही?" आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. मी तेव्हा मनात त्याला शिव्या घातल्या होत्या. पुढच्या वर्षी आत्याच्या नवऱ्याने दुसरी केली. आत्याने खाटेखालची बॅग उघडली आणि साड्या रोजच्या वापरायला काढल्या. रडली नाही. तिच्या वाटचं आई रडली.

मी उल्हासनगरला कॉलेजात गेले, तेव्हा वर्गात एक मुलगा असे ठोकळे झटपट सोडवायचा. हौसेने मी आमचा घेऊन गेले. त्याने भराभर फिरवला आणि शेवटी थांबून हसला. "अरे यार, ये खोला हुआ है. एक कोना उलटा बसवलाय कोणीतरी. जिंदगीभर फिरवलास तरी नाही सुटणार." त्याने नखाने तो तुकडा उपसला, वळवला, दाबला. झालं. सहाच्या सहा बाजू. मी ठोकळा त्याच्या हातातून ओढूनच घेतला. त्याला वाटलं, मी खूश झाले.

घरी आले तर आत्या कॅम्पमधून मजुरीवर आणलेल्या जीन्सचे धागे कापत बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. ठोकळा बघून ती आधी लहान पोरीसारखी हसली. "अगो बाय, झाला?" मी संतापाने भडाभडा सगळं सांगितलं. कोपरा, उलटा, उघडून बसवलेला, कधीच सुटला नसता. तुझा देव नाही म्हणाला नव्हता आत्या, देवाला कोणी विचारलंच नव्हतं!

तिने कात्री खाली ठेवली. तिने विचारलंही नाही की कोणी उघडला होता. आतल्या खोलीत बाबा खोकले आणि चपलांचा आवाज आला. आत्याने पटकन ठोकळा हातात घेतला आणि घाईघाईने सगळे रंग विस्कटून टाकले.

"दादाला बोलू नकोस," ती म्हणाली. "शपथ आहे तुला."

बाबा बाहेर आले. "काय गो, एवढी काय बोलतेय पोरगी? सुटला की काय तुझा ठोकळा?"

"कुठला सुटतोय दादा," आत्या म्हणाली. "देवाच्या मनातच नव्हतं."