सांगली टर्मरिक यंदा कुणाला घेणार

इमाम मुलाणी सट्टा लावतो, अशी कुजबुज कुपवाडच्या कारखान्यांतून फार दिवस फिरत होती. बरं, सट्टा तरी साधा असावा? क्रिकेटवर लावला असता तर कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं. पण हा म्हणे अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर लावतो.

बातमीचा जन्म केरबाच्या चहाच्या गाड्यावर झाला. केरबा चहात साखर बेतानं घालतो आणि बातमीत सढळ हातानं.

"यंदा तर सोता ह्या कानानं ऐकलंय," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "कप हातात, नजर मोबाईलमधी, आन् सोताशीच बडबडतोय, ‘नवव्याला डावखुरा जाणार.’ आता सांगा, ह्याचा अर्थ काय?"

"नऊचा आकडा," बिराप्पा ताडकन म्हणाला. बिराप्पा आटपाडीकडचा, इमामच्या शेजारच्या लेथवर काम करणारा. माणूस कामाला चोख, पण आकडा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. त्याच संध्याकाळी त्यानं नऊवर मटका लावला आणि मेला तो लागला की हो!

दुसऱ्या दिवशी बिराप्पा पेढे घेऊन इमामसमोर उभा.

"घ्या इमामभाई."

"कशाचे रं?" बिराप्पाच्या सुनेचे दिवस भरत आलेत हे इमामला माहीत होतं, म्हणून त्यानं हसून विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"नऊ!" बिराप्पानं डोळा मारला आणि गेला. इमामनं पेढा खाल्ला, पण नऊ म्हणजे पोरगा का पोरगी ते त्याला कळेना.

त्या दिवसापासून इमामच्या तोंडातून निघालेल्या प्रत्येक आकड्यावर लोक टपून बसले. त्यानं फोरमनला "सहा नग झाले" म्हटलं तरी चार जणांच्या भुवया वर. आधीच माणूस सव्वासहा फूट उंच आणि बोलायला कंजूष. एवढा लांब आणि इतका गप्प माणूस काहीतरी पाप करतच असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

खरं म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं इमामला काही पडलेलं नव्हतं. तो ज्या खेळात गुंतला होता तो कुठल्याच मैदानावर खेळला जात नव्हता. ती बास्केटबॉलचीच पण खोटीखोटी लीग होती, कॉम्प्युटरवर चालणारी. जगभरातली हौशी मंडळी त्यात एकेक संघ सांभाळायची. खेळाडू सगळे कॉम्प्युटरनं जन्माला घातलेले. त्यांना नाव, वय, उंची, स्वभावसुद्धा, फक्त आईबाप नाहीत. दर हंगामाला अशी नव्या पोरांची एक खेप यायची आणि संघांचे मालक ठरलेल्या क्रमानं एकेक पोरगा निवडून घ्यायचे. निवडीच्या आधी लीगच्या चावडीवर, म्हणजे त्यांच्या त्या वेबसाईटवर, अंदाज लिहायचा खेळ रंगायचा. पहिला कोण जाणार, दुसऱ्या नंबरचा संघ कुणाला उचलणार. पैशाचा संबंध नाही. मिरवायला मिळालं तर तेवढंच.

त्यात एक रीत मात्र कडक पाळली जायची. एखाद्यानं तुमच्या संघाची निवड आधी बरोबर ओळखली, तर त्याच्या अंदाजाखाली तुम्ही स्वतः एक ओळ लिहायची. इंग्रजीतच ती, पण इमाम मनातल्या मनात ती अशी वाचायचा: "ओळखलंस गड्या."

इमामला ती एक ओळ हवी होती. आणि तीही एकाच संघाकडून. संघाचं नाव सांगली टर्मरिक, जर्सी हळदीसारखी पिवळी, आणि मालक शाहरुख इमाम मुलाणी.

शाहरुख त्याचा एकुलता एक. डावखुरा, चपळ, पाठीला डोळे असल्यासारखा पास देणारा. इमाम स्वतः एकेकाळी जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात होता. गुडघे गेले तेव्हा खेळ सुटला, पण मान राहिला, म्हणून पोरांच्या संघनिवडीला त्याला बोलवायचे. शाहरुख एकोणीस वर्षांखालच्या संघासाठी उभा राहिला, त्या वर्षीही निवड करणाऱ्या तिघांत इमाम होता. अकरा पोरं ठरली. बाराव्या जागेवर गाडं अडलं.

बाकीचे दोघं म्हणाले, "इमामभाई, ह्यात इचार कसला? शाहरुख."

"नको," इमाम म्हणाला. "लोक म्हणतील बापानं घुसवला."

"आवं पण पोरगा चांगला हाय."

"म्हणूनच. चांगला हाय तर फुडच्या वर्षी बी येईल."

फुडचं वर्ष कसलं येतंय? वय उलटून गेलं. त्या दिवशी घरी आल्यावर शाहरुखनं एवढंच विचारलं, "अब्बा, मी वाईट खेळलो का?"

"न्हाई."

"मग?"

"लोकांची तोंडं धरता येत न्हाईत, बाळा."

पोरानं बूट काढले आणि माळ्यावर टाकले. पुढं काही महिन्यांनी खंडाळ्याकडच्या एका कारखान्यात नोकरी धरून तो निघून गेला. सुरुवातीला ईदला यायचा, मग तेही थांबलं. फोन आईचाच घ्यायचा. तोही, "बरा आहे, जेवलो, ठेवतो," एवढ्यावर आटपायचा. आणि ज्या लोकांच्या तोंडांना इमाम इतका भ्याला, त्या लोकांपैकी एकही जण त्या निवडीच्या दिवशी मैदानावर फिरकला नव्हता. कोण निवडलं, कोण वगळलं, याची गावात कुणी विचारपूसही केली नाही. लोकांची तोंडं पुढं सट्ट्याच्या बातमीसाठी राखून ठेवलेली होती.

कॉम्प्युटरवरच्या या लीगचा नाद शाहरुखला कॉलेजात असल्यापासूनचा. एवढं एक घर इमामला माहीत होतं, जिथं पोरगा सापडेल. त्यानं तिथं नाव नोंदवलं, आणि नव्या पोरांच्या निवडीचे अंदाज लिहायला लागला. पहिल्याच हंगामात टर्मरिकचा अंदाज चुकला. तेव्हा खाली टर्मरिकच्या मालकाचा एकच शब्द उमटला: "चूक."

इमाम मोबाईल घेऊन धावतच स्वयंपाकघरात बायकोकडं गेला. "अकिला, बोलला!"

"काय म्हणाला?"

"चूक म्हणाला."

अकिलानं पदरानं हात पुसले आणि तो परका इंग्रजी शब्द बोटानं हळूच चाचपला. "बोलला तर खरं," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर दोघांनी अख्खं वर्ष काढलं. इमामला वाटलं, आपण बरोबर ओळखलं तर रीत म्हणून तरी त्याला पुढची ओळ लिहावीच लागेल. एक ओळ आली की दुसरी येईल. आणि कधीतरी, बूट माळ्यावरून खाली येतील.

पुढं शब्द काही आला नाही. पण दर हंगामाला टर्मरिकचा एक पोरगा निवडला जायचाच, आणि निवड झाली की अकिला विचारायची, "यंदा कुणाला घेतलं त्यानं?" मग दोघं बसून त्या निवडीचा अर्थ लावायची.

एकदा इमाम तोंड पाडून म्हणाला, "लांबडा, हळू पोरगा घेतलाय. गुडघे कच्चे हायत त्याचे. काय बघितलं त्याच्यात कुणाला ठावं."

अकिला खुदकन हसली. "आवं, म्हंजी तुमालाच घेतलंय!"

इमाम त्या दिवशी कामावर शीळ घालत गेला. केरबानं लगेच जाहीर केलं, मोठा हात मारलाय.

दुसऱ्या खेपेला टर्मरिकनं एक तापट, मैदानात भांडणारा पोरगा उचलला. अकिला त्या दिवशी जेवली नाही. "राग उतरला न्हाई अजून," म्हणाली. त्याच्या पुढच्या खेपेला एक शांत, सगळ्यांना धरून खेळणारा. "हां, आता निवळतोय," म्हणून तिनं शाहरुखची जुनी रजई उन्हात घातली.

बाकीचे मेंबर पोरांचे आकडे मांडून अंदाज बांधायचे. इमाम आकड्यांकडे बघायचाच नाही. तो पोराचा हट्ट आठवायचा, आवडीनिवडी आठवायचा, ताटात भेंडी दिसली की कसा उठून जायचा ते आठवायचा, आणि अंदाज लिहायचा. ते साफ चुकायचे. चावडीवरची पोरंटोरं त्याची टर उडवायची. कुणी ब्राझीलचा, कुणी फिलिपाईन्सचा. पण टिंगल ओळखायला भाषा लागत नाही.

यंदा टर्मरिकचा नंबर नववा आला. नव्या खेपेत एक बुटका डावखुरा पोरगा होता, ओरिन टॅलमन नावाचा, पास देण्यात पटाईत. त्याची माहिती वाचताना इमामला दुसरं कुणी दिसेचना. हा तर शाहरुख! त्यानं लिहून टाकलं, नवव्याला टॅलमन. तेच तो केरबाच्या गाड्यावर पुटपुटला आणि तेवढ्यावर बिराप्पाचं भलं झालं.

निवड सुट्टीच्या सकाळी होती. एकेक नाव पडत गेलं. आठवं पडलं. टॅलमन अजून शिल्लक. इमामचा चहा गार होऊन वर साय धरली. मग नववं नाव आलं. सांगली टर्मरिक: ओरिन टॅलमन.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा इमामनं बरोबर ओळखलं होतं.

तो आपल्या अंदाजाखालची रिकामी जागा बघत बसला. दहावी निवड झाली, अकरावी झाली. बाकीचे मालक ज्याच्या त्याच्या अंदाजाखाली आपली ओळ लिहून मोकळे झाले. इमामच्या खाली काही येईना. दुपार झाली. दुसरा दिवस गेला. अकिला बाहेरून आत, आतून बाहेर करत होती. विचारायचा धीर तिला होत नव्हता. शेवटी इमामनं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लीगच्या प्रमुखाला लिहिलं. कुठला तरी कॅनडाचा माणूस, सगळ्या कारभारावर लक्ष ठेवणारा. टर्मरिकच्या मालकानं रीत का पाळली नाही, एवढंच विचारलं.

उत्तर सकाळी आलं. इमामनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मोबाईल खिशात घातला आणि कामावर जायला डबा उचलला.

दारात अकिला उभी होती. "आवं, आली का ओळ?"

इमाम चौकटीखाली वाकला होता. वाकूनच राहिला.

"आली," तो म्हणाला.

"काय लिवलंय?"

"ओळखलंस म्हणतोय."

अकिलानं त्या दिवशी ईद नसताना शीरखुर्मा केला. आळीत वाट्या पोचवल्या, केरबाच्या गाड्यावर एक मोठा डबा पाठवला. केरबानं चाटूनपुसून खाल्ला आणि मिशी पुसत सांगितलं, "बघा, लागला! येवढा खजूर-बदाम पगारात निघत न्हाई गड्या." बिराप्पानं तर इमामचे पायच धरले. "इमामभाई, फुडचा आकडा. येकच."

इमाम लेथ सुरू करून पाठमोरा उभा राहिला. ही कुजबुज आजही कुपवाडमध्ये तशीच आहे, आणि तिच्यात आता शीरखुर्म्याचीही भर पडली आहे.

इमाम मुलाणीनं आयुष्यात एकदाही सट्टा लावला नाही. शाहरुखनं ती लीग इमामच्या पहिल्या हंगामानंतरच सोडली होती. मालक परत येईल म्हणून प्रमुखानं त्याचं नाव तसंच ठेवलं होतं, आणि तेव्हापासून टर्मरिकची पोरं कॉम्प्युटर निवडत होता. उरलेल्यांत ज्याचे गुण जास्त, त्याला. संघ रिकामा आहे, तुम्हाला हवा का, असं प्रमुखानं त्या सकाळच्या निरोपात इमामला विचारलं होतं. इमामनं त्याला उत्तर दिलं नाही.